लोकर, रेयॉन आणि समोरचे चष्मेवाले

३ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. आधी पाण्याचा पाइप खाली ठेव आणि कोरड्या जागी ये. मागचं माझं पत्र अर्धं साबणाच्या फेसात गेलं आणि तू फोन करून विचारलंस, "कोणाचा दात काढलास? पुढचं पुसलं गेलंय."

तर पुसलेलं पुन्हा लिहिते: मी इथे पोचले, दातांच्या दवाखान्यात रुजू झाले. पेशंट तोंड उघडून पडलेले असल्यामुळे कोणी उलट बोलत नाही, तेव्हा एकूण माझंच राज्य आहे. प्रश्न घराचा आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, जमीन लाकडी. खाली एक काकू राहतात. मी चप्पल न घालता पलंगावरून उठले तरी त्या झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं पाहुणे आले. दार उघडून "या या" म्हणाले, बाहेर कुत्रंही नव्हतं.

म्हणून गालिचा घ्यायचाय. दुकानात गेले तर माणसाने एक असा चमचमता गालिचा पसरला की माझे डोळे दिपले. "मॅडम, सिल्क आहे." किंमत मात्र बऱ्या चादरीएवढी. दुसरा लोकरीचा, त्यावर दोन मिनिटं बसले तर काळ्या पँटवर मांजर लोळल्यासारखा भुसा. तिसरा म्हणे "काहीही सांडा, काही होत नाही." आता जन्मभर गालिचे धुणारी आत्या घरात असताना मी दुकानदाराचं ऐकायचं का? सांग काय घेऊ.

आणि बाबा म्हणाले ते खरं का? वर्षअखेरीला गालिचे धुण्याचा कारखाना बंद करून तू त्यांच्याकडे राहायला जाणार? ते तुझ्यासाठी मागची खोली रंगवतायत. तू स्वतः काहीच बोलली नाहीस.

तुझी,
भाची

११ जून

प्रिय दातकोरणीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्या दुकानदाराला माझा एक धपाटा.

कोणाचं ऐकू नकोस, माझंही नको. गालिच्याच्या मागच्या कडेचे दोन धागे मागून घे. चिमट्यात धर, खाली बशी, शेजारी पाणी, आणि काडी लाव. धागा खोटं बोलत नाही. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल, ज्योत आपली आपण विझेल आणि राख बोटांत चुरली जाईल. खरं रेशीमही तसंच. दोन्ही प्राण्यांची देणगी ना! कागद जळल्याचा वास आला की सूत, ताग नाहीतर रेयॉन. आणि धागा आक्रसून वितळला, मागे टणक मणी राहिला, की समज कारखान्यात बनलेला: नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन. त्या मण्याला लगेच हात लावू नकोस, चटका बसतो.

तुझं ते चमचमतं "सिल्क" म्हणजे रेयॉन असणार. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. दिसायला नवरी, पण नुसतं पाणी पडलं तरी रुसतो. ओला झाला की जीव जातो त्याचा, वाळला की पिवळा पडतो. माझ्याकडे कोणी रेयॉन आणला की मी आधी त्यांना खुर्ची देते आणि मग वाईट बातमी सांगते.

लोकरीचा भुसा पाहून घाबरू नकोस. नवी लोकर काही महिने गळते, मग शहाणी होते. पायाखाली दबली तरी पुन्हा उठून उभी राहते. आवाज पिते, ऊब धरते. नायलॉनही दमदार आहे, पण रंगीत सरबत सांडलं तर लगेच पिऊन टाकतो. पॉलिएस्टर डागाला दाद देत नाही, पण येण्याजाण्याच्या वाटेवर वर्षभरात चपटा होतो. पॉलिप्रॉपिलीनला तर पाण्याचे डाग माहीतच नाहीत. त्याचा रंग धाग्याच्या पोटात असतो.

आणि हो, बंद करतेय. स्वस्त गालिचे आल्यापासून लोक धूत नाहीत, फेकतात आणि नवा आणतात. गुडघेही कुरकुरतात. मन लावून राबले, लग्न राहूनच गेलं, आता दादाच्या मागच्या खोलीत बसून त्याच्याशी भांडेन. वाईट काय?

बाकी करमणूक एकच. समोर चष्म्यांचं दुकान आहे ना, तिथले चष्मेवाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, वरच्या मजल्यावर आईबरोबर राहतात. इतका धांदरट माणूस मी पाहिला नाही. एकच लोकरीचा गालिचा दर आठवड्याला घेऊन येतात. एकदा चहा, एकदा शाई, एकदा डाळिंबाचा रस, काल कॉफी! आणि प्रत्येक वेळी "माझ्याच हातून सांडलं हो." मी धुते, ते शेजारी उभे राहून विचारतात, गारच पाणी का, व्हिनेगर कशाला, उन्हात का नाही वाळवायचं. शेवटी कालच सांगितलं, "अहो, तुमच्या हातांना पॉलिप्रॉपिलीनच झेपेल. तो घ्या, म्हणजे माझ्याकडे यायलाच नको." तर चेहरा एकदम पडला. लोकरीवर जीव असेल बिचाऱ्यांचा.

आत्या

१९ जून

आत्या, आत्या, आत्या!

आधी गालिच्याचं सांगते, नाहीतर तू रागावशील. धागे आणले आणि दवाखान्यातच काडी लावली. कागदाचा वास! रेयॉनच निघाला. पण वास बाहेर गेला आणि खुर्चीतल्या आजोबांना वाटलं त्यांच्या दाढेत काहीतरी पेटलं. गळ्यातल्या रुमालासकट ते जिन्यापर्यंत पोचले. मोठ्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. मी लोकरीचा घेतला. अंथरून दोन दिवस झाले तर खालच्या काकू धापा टाकत वर आल्या. "आवाज येत नाही, म्हटलं तुझी तब्येत बरी आहे ना?" आता रोज संध्याकाळी येऊन माझ्या गालिच्यावर पाय पसरून बसतात.

आता मुद्द्यावर येते. तू इतकी वर्षं डाग वाचतेस आणि हा माणूस तुला वाचता येईना? एकटा बाप्या दर आठवड्याला काहीतरी सांडतो. दर आठवड्याला वेगळं. स्वतः घेऊन येतो. धुताना उभा राहतो. पुन्हा येऊ नका म्हटलं की चेहरा पडतो. आत्या, तो मुद्दाम सांडतोय! तुझ्या प्रेमात पडलाय आणि तू त्याला प्लास्टिकचा गालिचा घ्यायला सांगतेस!

तुझी उड्या मारणारी (आता मारता येतात),
भाची

२६ जून

दातकोरणे,

डोकं फिरलंय का तुझं? छप्पन्न वर्षांची बाई मी, दिवसभर गुडघ्यापर्यंत सलवार खोचलेली, अंगाला ओल्या मेंढीचा वास. माझ्या प्रेमात पडायला त्यांना स्वतःच्याच दुकानातला चष्मा लागेल.

असं म्हणून तुझं पत्र मी कपाटात टाकलं. मग काढलं. मग ह्या आठवड्याचा त्यांचा न धुतलेला गालिचा उलगडला. बरं, एक सांगते आणि तू किंचाळायचं नाहीस. हातातून सांडलेला चहा कसा दिसतो? एक तळं, त्याला शेपूट, आणि भोवती शिंतोडे, कारण कप हिसका खातो. पहिला चहा सोडला तर ह्यांचे सगळे डाग बशीसारखे गोल. कडा रेखीव. शिंतोडा एक नाही. जवळून, शांतपणे, हात स्थिर ठेवून ओतलेले! हे मला आधीच दिसायला हवं होतं, पण मी डाग काढण्याच्या घाईत असते, कौतुक करत बसत नाही.

त्या दिवसापासून मला काही सुचत नाही. एका बाईच्या सतरंजीवर साबणाऐवजी व्हिनेगर ओतलं. मदतनीस बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही गुणगुणताय." मी म्हटलं, "पंप आवाज करतोय." त्या म्हणाल्या, "पंप बंद आहे."

काल तर कमालच केली. उगाच त्यांच्या दुकानात गेले, म्हटलं डोळे तपासा. त्यांनी ती जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि भिंगं बदलत विचारू लागले, "आता स्पष्ट दिसतं की आधी दिसत होतं?" इतके जवळ की मी म्हटलं, "दोन्ही वेळा तुमचं नाकच दिसतंय." ते बाजूला झाले आणि टेबलावरची भिंगांची पेटी उलटी झाली. नंबर बदललेला नाही म्हणाले. पैसेही घेईनात.

मी ठरवलंय. ह्या वेळी आले की सरळ विचारणार. मला आडवळणं जमत नाहीत.

आत्या

२ जुलै

आत्या, सरळ विचारू नकोस!!! आधी चहाला बोलाव. मळखाऊ रंगाचं काहीतरी नेसू नकोस. ती निळी साडी नेस. फोन उचलत का नाहीस?

भाची

२ जुलै

प्रिय भाची,

विचारलं. सगळं संपलं. फोन घेववत नाही, म्हणून लिहिते.

परवा ते आले ते नवा गालिचा खांद्यावर टाकून. पॉलिप्रॉपिलीन! म्हणाले, "तुम्ही सांगितलात तसाच घेतला. आता तुम्हाला माझा त्रास नाही." मला काय झालं कोण जाणे. भर कारखान्यात, मदतनीस बाईंसमोर, हातात ओला ब्रश, मी म्हटलं, "म्हणजे आता येणार नाही तुम्ही? इतके दिवस मुद्दाम डाग पाडत होतात ना? माझ्यासाठी?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला शर्टाचं टोक धरायचं, तर माझ्या टेबलावरचा लोकरीचा बोळा उचलला. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "अहो… मी नाही सांडत. आई सांडते. वय झालंय, हात थरथरतो तिचा. तिला लाज वाटू नये म्हणून मी माझं नाव सांगत होतो."

भाची, जमीन दुभंगते म्हणतात ना, माझी नुसती ओली होती. मी "असं होय" म्हटलं आणि वाळत टाकलेल्या गालिच्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते काहीतरी बोलत होते, पण मी पंप चालू केला. ह्या वेळी खराच.

दोष तुझा नाही. तू गाजर दाखवलंस, पण धावत गेले मी. दादाला कळवलंय की वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही, पुढच्याच महिन्यात येते. रोज समोर ते दुकान बघत बसायची माझी तयारी नाही.

आत्या

९ जुलै

माझी वेडी आत्या,

दोष माझाच आहे आणि मी पायाच पडते, पण त्याआधी एक प्रश्न. तुझं आधीचं पत्र माझ्यासमोर आहे. "बशीसारखे गोल, शिंतोडा एक नाही, हात स्थिर ठेवून ओतलेले." हे तुझे शब्द. मग थरथरणाऱ्या हाताने तो डाग कसा पडला?

मी दिवसभर दातांत सिमेंट भरते. माझा हात जरा हलला तर निम्मं सिमेंट पेशंटच्या मिशीला जातं. त्या आजींचा हात थरथरत असता तर गालिच्यावरच काय, भिंतीवरही चहा असता. मुलगा खोटं बोलत नसेल, तर आई बोलतेय. म्हणजे ओतणारी ती आहे आणि तीही मुद्दाम! का ते मला माहीत नाही, आणि ह्या वेळी मी अंदाज करणार नाही. माझ्या अंदाजांनी आधीच पुरेसं नुकसान केलंय.

पण बाबांकडे जाण्याआधी तो जिना चढ. निदान गालिच्यासाठी तरी.

भाची

२१ जुलै

लाडके,

बस. बसलीस? काकूंनाही बसव.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जिन्याकडे नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी चष्मेवालेच दारात. मान खाली, खांद्यावर तो नवा गालिचा. म्हणाले, "माफ करा, दुसऱ्या कोणाकडे जाणार?" उलगडला तर काय! मधोमध, थाळीएवढा, गोल, तेलाचा डाग. वास आला, केसांना लावायचं तेल. अख्खी बाटली.

मी विचारलं, "ह्याआधी काय काय सांडलं ह्यावर?" म्हणाले, चहा सांडला, पुसून निघाला. शाई सांडली, पुसून निघाली. रसही निघाला. मग आईने जेवताना सहज विचारलं, "असं काय आहे जे ह्या प्लास्टिकवरून निघत नाही?" आणि ह्या शहाण्याने माझ्याकडून ऐकलेलंच तिला ऐकवलं, की पॉलिप्रॉपिलीन पाण्याला विचारत नाही, पण तेलाला जीव लावतो! दुसऱ्या दिवशी तेल.

मी ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "चला, तुमच्या आईंना भेटायचंय."

खिडकीशी चाकांची खुर्ची, खुर्चीत ह्या एवढ्याशा बाई, मांडीवर मुलाचा शर्ट. माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवत होत्या. एका झटक्यात ओवला, चष्म्याशिवाय! मी म्हटलं, "आई, हात थरथरतो म्हणे तुमचा?"

"कोण म्हणतं?"

"तुमचा मुलगा."

"त्याला लोकांच्या डोळ्यांचे नंबर कळतात," त्या म्हणाल्या, "डोळ्यांतलं कळत नाही. बस इथं. किती वाट बघायला लावलीस! मला वाटलं आता गालिचाच पेटवावा लागतो की काय."

"तो पेटत नाही नीट, वितळतो," मी म्हटलं. तोंडाला सवय.

मग त्यांनी सांगितलं. पहिला चहा खरंच चुकून सांडला होता. मुलगा गालिचा घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तो जेवताना बोलायलाच लागला. सून गेल्यापासून ह्या घरात जेवताना फक्त चमच्यांचा आवाज व्हायचा. आणि त्या दिवशी? "आई, लोकरीला गरम पाणी दिलं की ती आक्रसते! आई, मेंढीच्या केसाला खवले असतात! आई, तिथल्या बाईंनी एका गालिच्याला चक्क 'उठ रे राजा' म्हटलं!" ताटातलं गार झालं तरी बोलतोय. पुढचे दिवस पुन्हा गप्प. "मग मी काय करू?" त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ शाई होती, ओतली."

मी हसायला लागले, भाची. इतकी की मला खुर्चीचं चाक धरावं लागलं. त्याही हसत होत्या. आणि वळून बघते तर दारात चष्मेवाले. सगळं ऐकलेलं. कान लालभडक.

मी धीर केला. एकदा नाक कापून घेतलेलंच होतं, आणखी काय जाणार? विचारलं, "तुम्ही फक्त आई सांडत होत्या म्हणून येत होतात?"

ते म्हणाले, "पहिल्या दोन वेळा."

मी काही बोललेच नाही. जिना उतरले, रस्ता ओलांडला, कारखान्यात येऊन त्या तेलाच्या डागासमोर बसले आणि त्याच्याकडे बघून वेड्यासारखी हसत राहिले. दादाला फोन करून सांगितलं, पुढच्या महिन्यात येत नाही. कारखाना चालू ठेवतेय. काम थोडं असेल, पण जेवढं आहे तेवढं मला आवडतं. तो म्हणाला, "मग खोली?" मी म्हटलं, "तू झोप तिथे."

आत्या

२५ जुलै

आत्या! "काही बोललेच नाही"? जिना उतरलीस? बाई गं! काकूंनी माझ्या हातातून पत्र ओढून पुन्हा मोठ्याने वाचलं आणि त्या आता दवाखान्यात येऊन विचारतात, "आलं का उत्तर?" आजचे सगळे पेशंट उघड्या तोंडाने ऐकत होते. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, शेवट कळेपर्यंत रजा मिळणार नाही, आणि कळला की लगेच मिळेल.

पुढे काय झालं?

भाची

२ ऑगस्ट

प्रिय भाची, काकू, मोठ्या डॉक्टरीणबाई आणि समस्त पेशंट,

रविवारी त्यांचं दुकान बंद असतं. सकाळीच आले, पँट पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेली, पाय पांढरेफटक, जन्मात ऊन न बघितलेले. म्हणाले, "तेलाचा डाग माझ्या घरातला आहे. आज मी धुणार, तुम्ही नुसतं सांगा."

सांगितलं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, कडेकडून मध्ये घासायचं. उकळतं पाणी अजिबात नको, नाहीतर गालिचा सुरकुततो. माणूस मन लावून करतो, एवढं मान्य. फक्त साबण किती घ्यायचा हे त्यांनी विचारलं नाही आणि मी त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत होते म्हणून माझं लक्ष नव्हतं. अर्धी बाटली! फेस घोट्यापर्यंत आला, दारातून रस्त्यावर निघाला. मी "थांबा, थांबा" म्हणत पुढे गेले, ते "कुठे, कुठे" म्हणत मागे वळले, आणि त्यांचा पाय सटकला. आधाराला त्यांनी माझा हात धरला. इतकी वर्षं ह्या फरशीवर उभी आहे, कधी पडले नव्हते. दारातच दाणकन खाली बसले! शेजारी ते. गळ्यापर्यंत फेस, चष्मा कुठेतरी आत.

मला वाटलं लागलं असेल. विचारलं, "उठता येतंय का?"

ते आंधळ्यासारखे माझ्या दिशेने बघत म्हणाले, "येईल. पण उठायची घाई आहे का तुम्हाला?"

"मला नाही," मी म्हटलं.

"मग बसल्या बसल्याच विचारतो. असंच रोज… म्हणजे रोज पडायचं नाही… पण तुमच्याबरोबर, कायमचं… मला नीट म्हणता येत नाही. तुम्हाला समजतंय का?"

समजत होतं. पण मी हसत हसत आधी फेसात त्यांचा चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून आईंचा आवाज, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा: "गार पाण्यात बसू नका रे, दोघांची वयं झालीत! आधी हो म्हणा आणि मग उठा!"

आम्ही दोघं एकदमच "हो" म्हणालो. एकमेकांना धरून उठलो. आणि पुन्हा पडलो.

आत्या